मजकुराच्या संकेतस्थळांवरील जाहिरात: जागा यंत्रणेने शोधावी की आपण निवडावी?

क्लिकवर पैसे आकारणारी जाहिरात शोध-निकालांपुरती न ठेवता बातम्या, बाजारभाव, हवामान, पाककृती अशा मजकुराच्या संकेतस्थळांवरही न्यायची असे ठरले, की सर्वांत आधी जागेचा प्रश्न उभा राहतो. कीवर्ड, विषय आणि प्रेक्षकगट देऊन जागा शोधण्याचे काम जाहिरात-जाळ्याच्या यंत्रणेवर सोपवावे, की संकेतस्थळांची यादी स्वतः करून जाहिरात तेवढ्याच ठिकाणी दाखवावी? नाशिकमधील लहान उद्योगांच्या मोहिमा सांभाळताना मी दोन्ही पद्धती वापरल्या आहेत आणि आज माझा कल दुसऱ्या पद्धतीकडे आहे. तो सर्वांनाच मानवेल असा माझा दावा नाही. बोली, जाहिरातींचे आकार, कन्व्हर्जनचा कोड या गोष्टी वाचकाला ठाऊक आहेत असे धरून चालतो.

शोधातून आलेला क्लिक आणि लेखाशेजारून आलेला क्लिक यांचे मोल वेगळे असते, हे या धंद्यात जुनेच आहे. गूगलने २००३ मध्ये मजकुराच्या पानांवर जाहिराती दाखवायला सुरुवात केली तेव्हा दोन्हीकडे एकच बोली, म्हणजे एका क्लिकसाठी मोजायची रक्कम, लागू होत असे. मजकुरासाठी वेगळी बोली लावण्याची सोय २००५ मध्ये आली. आजही शोधाची मोहीम तयार करताना डिस्प्ले जाळे, म्हणजे मजकुराच्या संकेतस्थळांचे जाळे, सोबत घेण्याचा पर्याय समोर येतो. तो नाकारून दोन मोहिमा वेगळ्या ठेवाव्यात, एवढेच सांगून पुढे जातो.

यंत्रणेवर सोपवण्याच्या पद्धतीचे बळ तिच्या विस्तारात आहे. गंगापूर धरणाच्या बाजूला मुक्कामाची सोय असलेल्या एका कृषी-पर्यटन केंद्राचे उदाहरण घेतो. त्यांचे पाहुणे प्रामुख्याने मुंबई, ठाणे आणि पुण्याकडून येतात, आणि येण्यापूर्वी ते काय वाचत असतील याचा अंदाज नाशिकमध्ये बसून बांधणे कठीण आहे. कुणी क्रिकेटची बातमी वाचत असतो, कुणी मुलांच्या परीक्षेविषयीचा लेख. अशा वेळी प्रेक्षकगट आणि पूर्वी संकेतस्थळावर येऊन गेलेल्यांची यादी यांच्या आधारे यंत्रणा ज्या जागा शोधते त्या माणसाला सहसा सुचत नाहीत, आणि जोडून सुट्ट्या येण्यापूर्वीच्या दिवसांत तिथून होणारी चौकशी मला समाधानकारक वाटली आहे. २०२६-२७च्या सिंहस्थात मुक्कामाची मागणी देशाच्या कानाकोपऱ्यांतून येईल, तेव्हाही हाताने केलेली यादी तोकडीच पडेल.

परंतु यंत्रणेला शिकण्यासाठी कन्व्हर्जन, म्हणजे क्लिकनंतर आलेल्या चौकशा किंवा झालेल्या खरेद्या, लागतात. स्वयंचलित बोलीसाठी ती महिन्याला ३० तरी असावीत असे सर्वसाधारणपणे मानले जाते. अंबड औद्योगिक वसाहतीत ठिबक संचाचे फिल्टर बनवणाऱ्या माझ्या एका ग्राहकाला महिन्यात तेवढ्या खऱ्या चौकशा आल्या, तर माल पुरवता पुरवता तो स्वतःच जाहिरात थांबवायला सांगेल. शिवाय द्राक्षबागेचे कीवर्ड दिले की छाटणीचे वेळापत्रक असलेल्या पानाबरोबर मनुके भिजवून खाण्याचे फायदे सांगणारे पानही गळाला लागते. विषय म्हणून शेती निवडावी, तर बाल्कनीतल्या कुंड्यांपर्यंत मजल जाते. हे नकारार्थी कीवर्ड, म्हणजे नको असलेले शब्द, देऊन बरेचसे आवरता येते, त्यामुळे माझी मुख्य तक्रार याविषयी नाही.

तक्रार आहे ती मोबाइलवरील खेळांची. जाळे कोणते होते हे सांगण्यात अर्थ नाही, कारण थोड्याफार फरकाने हा अनुभव कुठेही येऊ शकतो. जागांचा अहवाल उघडावा तर संकेतस्थळे तळाशी, आणि वर ओळीने रंगीत गोळ्या फोडण्याचे, गाड्या पळवण्याचे, बाहुल्या सजवण्याचे गेम. क्लिकचा दर स्वस्त, क्लिकचे प्रमाण डोळे दिपवणारे, आणि क्लिक करणारा मात्र पान उघडण्याआधीच परतलेला. जाहिरात बंद करण्याची फुली हुकून बोट जाहिरातीवर पडले, की पैसे गेले. अवैध ठरलेल्या क्लिकचे पैसे परत मिळतात हे खरे असले, तरी चुकून पडलेले बोट दरवेळी अवैध ठरतेच असे नाही. सोमवारी सकाळी बसून गेमची नावे एकेक करून वगळावीत, आणि पुढच्या सोमवारी वेगळ्या नावांनी तसलेच गेम हजर असावेत, असे चालत राहते. ॲपचे प्रकार सरसकट वगळता येतात, परंतु प्रकारांची यादी लांबलचक असते, आणि घाईने सर्वांवर खूण केली की शेतकऱ्याचे हवामानाचे ॲपही त्याबरोबर जाते.

पैशापेक्षा मला अधिक टोचले ते ग्राहकाला उत्तर देणे. “अहो, माझ्या नातवाच्या गेममध्ये आपला फिल्टर दिसतोय. त्याने घ्यायचा का तो?” असे त्या उद्योजक काकांनी विचारले, तेव्हा अल्गोरिदमचे स्पष्टीकरण माझ्याजवळ तयार होते, ते पटेल असा पैसे मोजणारा माणूस मात्र मला अजून भेटलेला नाही.

स्वतः निवडलेल्या जागांत हा प्रश्न उद्भवत नाही, आणि माझ्यापुरते पारडे तिथेच झुकले. यादी करण्याचे काम वाटते तितके जिकिरीचे नाही. दिंडोरी-निफाडकडचा बागायतदार लासलगाव आणि पिंपळगाव बसवंतचे भाव मोबाइलवर पाहतो, पावसाचा अंदाज पाहतो, छाटणीनंतर डाऊनी आणि भुरी या रोगांविषयी वाचतो. ही माहिती मराठीतून नियमित देणारी संकेतस्थळे मोजकीच आहेत, आणि त्यांतील कोणती आपल्या जाळ्यात आहेत हे शोधायला फार वेळ लागत नाही. एप्रिलमधील खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमधील गोडी छाटणी यांच्या आधी बोली वाढवावी, एरवी कमी ठेवावी. वाचणारा कोण आहे हे ठाऊक असल्याने जाहिरातीचा मजकूरही धीट होतो. ‘शेवाळाने ड्रिपर तुंबतात?’ असे थेट विचारता येते.

उणिवाही आहेत. क्लिक महाग पडतो, आणि यादी लहान असल्याने कधी कधी दिवसाचे बजेट खर्चच होत नाही. एखादे संकेतस्थळ जाळ्यातून बाहेर पडले, तर ती जागा बंद झाल्याचे आपल्यालाच अहवाल चाळून ओळखावे लागते. त्याच वाचकाला तीच जाहिरात सारखी दिसू नये म्हणून रोजची मर्यादा घालावी लागते. कांद्याचे भाव कोसळले किंवा निर्यातीवर बंधने आली, की बाजारभावाच्या पानांवर गर्दी उसळते; पण तेव्हा फिल्टर घेण्याच्या मनःस्थितीत कुणी नसतो, आणि बोली खाली आणण्याचे भान आपल्यालाच ठेवावे लागते.

ही पद्धत निवडणाऱ्यांनी गूगलच्या डिस्प्ले मोहिमेतील दोन सेटिंग अवश्य तपासावीत. ऑप्टिमाइज्ड टार्गेटिंग तिथे मुळातच चालू असते. ते बंद केले नाही तर यंत्रणा आपल्या निवडीबाहेर जाऊ शकते. दुसरे असे, की जागांच्या यादीला कीवर्ड किंवा विषय जोडले म्हणजे जाहिरात अधिक नेमकी होईल, ही समजूत आताच्या रचनेत उलटी पडते. यांतील कोणतीही एक गोष्ट जुळली तरी जाहिरात दाखवली जाते, त्यामुळे जोडणी केल्याने विस्तार वाढतो.

दोन्ही पद्धतींची शास्त्रशुद्ध मोजणी मी केलेली नाही. माझे मत फोनवरून बनलेले आहे. पूर्वी त्या काकांकडे येणाऱ्या फोनवर पुष्कळदा पलीकडून कुणी बोलतच नसे. आता फोन कमी येतात, परंतु विचारणारा आपली बाग किती एकरांची आणि पाणी विहिरीचे की शेततळ्याचे, इथूनच सुरुवात करतो. ज्यांचा ग्राहक विखुरलेला आहे, बजेट सैल आहे आणि कन्व्हर्जन भरपूर आहेत, त्यांनी यंत्रणेवर भिस्त ठेवणे कदाचित अधिक योग्य ठरेल. ग्राहक कोण आहे आणि तो काय वाचतो हे ज्यांना सांगता येते, त्यांनी मात्र यादीपासूनच सुरुवात करावी असे मला वाटते. यादीत भर घालायची असेल तर यंत्रणेची एक वेगळी मोहीम बजेटच्या लहानशा वाट्यावर चालू ठेवावी आणि तिच्या अहवालात सापडणारी चांगली संकेतस्थळे आपल्या यादीत उचलून घ्यावीत. ॲपचे नको असलेले प्रकार मात्र ती मोहीम सुरू करण्याआधीच वगळलेले बरे.