हे ग्रँट त्या ग्रँटचे कोण? : रॉथिसच्या ग्लेन ग्रँट डिस्टिलरीतला एक दिवस

बाबा दारूला शिवत नाहीत. त्यामुळे ते स्कॉटलंडमध्ये ॲबर्डीनला माझ्याकडे राहायला आले तेव्हा त्यांना डिस्टिलरी दाखवायला न्यावं, असं मनातही नव्हतं. निमित्त झालं सुपरमार्केटमध्ये. दूध घ्यायला गेलो होतो आणि बाबा व्हिस्कीच्या फळीसमोर थबकले. एक बाटली ग्लेन ग्रँट. तिच्या शेजारी नुसतंच ग्रँट्स. ग्लेनफिडिकच्या तिकोनी बाटलीवर बारीक अक्षरांत विल्यम ग्रँट अँड सन्स. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी एकेक लेबल वाचलं आणि विचारलं, "हे एकमेकांचे कोण गं?"

बाबांनी चौतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. ग्रँट हे आडनाव त्यांच्यासाठी बाटलीवरचं नाहीच, ते ग्रँट डफचं. साताऱ्याचा रेसिडेंट, प्रतापसिंह महाराजांच्या दरबारातला इंग्रज (स्कॉटिश म्हण, बाबा लगेच दुरुस्त करतात), ज्याने १८२६ साली मराठ्यांचा इतिहास छापला. बाबा त्याच्याशी अजूनही भांडतात. तो बॅन्फ गावचा, आणि बॅन्फ माझ्या घरापासून गाडीने तासाभरावर. त्यामुळे बाबांचा प्रश्न माझ्याही डोक्यातून जाईना आणि आम्ही ग्रँटांच्या मुलखात, म्हणजे स्पे नदीच्या खोऱ्यात जायचं ठरवलं. तीन डिस्टिलरी बघितल्या, पण खरा दिवस गेला तो रॉथिसच्या ग्लेन ग्रँटमध्ये, म्हणून लिहिते आहे मुख्यतः तिच्याबद्दल.

ॲबर्डीनहून दीडेक तासाचा रस्ता. रॉथिस म्हणजे एक लांब रस्ता आणि त्याच्या दोन्ही अंगांना राखाडी दगडांची घरं. पण या एवढ्याशा गावात तांब्याची भांडी घडवणाऱ्या फोर्साइथ्सचा कारखाना आहे आणि तिथली स्टिल, म्हणजे दारू गाळायची तांब्याची भांडी, जगभरच्या डिस्टिलऱ्यांत जातात. ग्लेन ग्रँट रस्त्यापासून जरा आत, ओढ्याकाठी. १८४० साली जॉन आणि जेम्स ग्रँट या दोन भावांनी ती काढली. जेम्स वकील, एल्गिन शहराचा प्रोव्होस्ट, म्हणजे नगराध्यक्षच म्हणा. या भागात रेल्वे यावी म्हणून त्याने बरीच खटपट केली. १८५८ मध्ये गाडी रॉथिसपर्यंत आली आणि पिंपांची वाहतूक सोपी झाली.

टूर आधी ऑनलाइन काढून ठेवली होती. आमची गाइड विशीतली मुलगी, गावातलीच. बाबांना ऐकू यावं म्हणून प्रत्येक खोलीत ती त्यांच्या उजव्या बाजूला येऊन उभी राहायची, न सांगता. मला तेवढ्यानेच ती आवडली.

मोड आणून वाळवलेलं सातू दळायचं, गरम पाण्यात त्याची साखर उतरवायची, यीस्ट घालून आंबवायचं, मग उकळून वाफ थंड करायची. हे सगळीकडे सारखंच. थांबावं ते स्टिलच्या खोलीत. आठ स्टिल, चार जोड्या. खोलीत शिरताच अंगाला ऊब लागते आणि आंबवलेल्या पिठाचा गोडसर वास येतो. दुसरीकडची स्टिल मी पाहिली आहेत, खालून फुगीर आणि वर आखूड मानेची. इथल्या माना उंच आणि सडपातळ. वाफेतला जड भाग एवढी उंची चढताना दमतो आणि परत खाली ओघळतो. त्यातूनही वर पोचलेली वाफ थेट कंडेन्सरमध्ये, म्हणजे ती थंड करणाऱ्या भांड्यात, जात नाही. वाटेत एक तांब्याचं गोल भांडं बसवलं आहे, त्याला प्युरिफायर म्हणतात. थंड पाण्यामुळे उरलासुरला जड अंश तिथे पुन्हा द्रव होतो आणि नळीने परत स्टिलमध्ये येतो. पुढे जाते ती फक्त हलकी वाफ. ग्लेन ग्रँटची व्हिस्की इतकी हलकी का, याचं उत्तर तुमच्या डोळ्यांसमोर, डोक्यावर चमकत असतं. बाबा बराच वेळ मान वर करून त्या नळीचा माग काढत उभे होते. "भट्टी आहे, पण काम गाळणीचं आहे," म्हणाले. यापेक्षा नेमकं वर्णन मी कुठल्या माहितीपत्रकात वाचलेलं नाही.

ही स्टिल आणि हे प्युरिफायर ज्याच्या नावावर सांगतात तो संस्थापक जेम्सचा मुलगा, तोही जेम्स ग्रँट. १८७२ मध्ये वयाच्या पंचविशीत त्याने कारभार हाती घेतला आणि १९३१ मध्ये मरेपर्यंत तोच मालक. गावाच्या तोंडी तो नुसता 'मेजर'. आजही गाइड 'मेजर असं करायचे' म्हणून सांगते, जणू कालपरवाच गेले असावेत. धंदा इतका वाढला की १८९८ च्या सुमारास त्याने रस्त्यापलीकडे दुसरी डिस्टिलरी बांधली आणि तिथली कच्ची दारू रस्त्यावरून नेलेल्या नळाने इकडे आणायची सोय केली. गावातल्या रस्त्यावरून, लोकांच्या डोक्यावरून दारूचा नळ! पण व्हिस्कीचा बाजार कोसळला आणि १९०२ मध्ये ती बंद पडली. १९६५ मध्ये पुन्हा उघडली तेव्हा एकाच नावाच्या दोन डिस्टिलऱ्या चालणार नाहीत म्हणून तिचं नाव केपरडॉनिक झालं. २००२ मध्ये परत बंद, आणि आता तर इमारतीही पाडल्या आहेत.

आता बाग. तुम्हाला व्हिस्कीत काडीचा रस नसेल तरी या बागेसाठी रॉथिसला जा, असं मी मनापासून सांगेन. मेजर भारतात आणि आफ्रिकेत फिरलेला माणूस. परत येऊन त्याने डिस्टिलरीच्या मागच्या दरीत ओढ्याकाठाने बाग लावली. सफरचंदांची राई, हिरवळ, रोडोडेंड्रॉनच्या फुलझाडांच्या भिंती. आम्ही जूनच्या सुरुवातीला गेलो होतो आणि रोडोडेंड्रॉन ऐन बहरात होते. जसजसं आत जाल तसतशी दरी अरुंद होते, दोन्हीकडून ओले, शेवाळलेले कडे जवळ येतात, पाण्याचा आवाज वाढतो आणि लाकडी पुलांवरून कधी या काठाला तर कधी त्या काठाला जावं लागतं. पायवाट ओली आणि निसरडी असते. बाबांना काठी घेऊन चालावं लागलं. ढगाळ हवेत मिज नावाच्या चिमुकल्या माश्या चावतात, बाह्या लांब घाला.

दरीच्या टोकाशी, कड्याच्या पोटात, एक लोखंडी तिजोरी आहे. जेवण झाल्यावर मेजर पाहुण्यांना फिरवत इथवर आणायचा, किल्लीने तिजोरी उघडायचा, आतून व्हिस्की आणि पेले काढायचा आणि पाणी थेट ओढ्यातून घ्यायचा. जवळच हीदर नावाच्या वाळक्या झुडपाने शाकारलेली झोपडी आहे. तिथे बसल्यावर पाण्याशिवाय काहीच ऐकू येत नाही. कुणाच्या जगण्याची हौस इतक्या नेमकेपणाने जागेवर उरलेली मी क्वचितच पाहिली आहे.

आणि तिथेच, त्या बाकावर, गाइडने बियावाची गोष्ट सांगितली. १८९८ साली मेजर शिकारीसाठी मॅटाबेलेलँडला गेला होता, म्हणजे आजच्या झिंबाब्वेत. तिथे रस्त्याकडेला एक टाकून दिलेला लहान मुलगा सापडला, असं सांगतात. मेजरने त्याला स्कॉटलंडला आणलं. बियावा मकालागा. तो रॉथिसच्या शाळेत शिकला, मेजरच्या घरात नोकर आणि पुढे बटलर झाला, पहिल्या महायुद्धात लढून आला, गावच्या संघातून फुटबॉल खेळला. मेजर गेल्यावरही तो त्या घरातच राहिला, थेट १९७२ मध्ये मरेपर्यंत. ७० वर्षांहून जास्त काळ ग्रँटांच्या घरात, आणि आडनाव ग्रँट नाही. मकालागा हे आडनावही नव्हे. तिथल्या कलांगा लोकांच्या नावाशी ते जुळतं.

बाबा गप्प झाले. मग म्हणाले, "रस्त्याकडेला सापडला, हे कुणी सांगितलं? मेजरनेच ना?" गाइड हो म्हणाली. ती सारवासारव करायला गेली नाही, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. त्या मुलाची आई कोण, गाव कोणतं, त्याला यायचं होतं का, यातलं काहीच त्या गोष्टीत नाही. गाव त्याला प्रेमाने आठवतं हेही खरंच. तुम्ही गेलात तर त्याच्याबद्दल मुद्दाम विचारा.

परत आल्यावर चाखायची खोली. गाडी मी चालवत होते आणि स्कॉटलंडमध्ये मर्यादा इंग्लंडपेक्षा कडक आहे : २०१४ च्या डिसेंबरपासून १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम अल्कोहोल, बस. त्यामुळे माझ्या वाट्याचं छोट्या बाटल्यांत भरून मिळालं. बाबांनी पेला हातात घेतला आणि नुसता वास घेतला. "हिरव्या सफरचंदाची साल," म्हणाले. दुसऱ्या दिवशी रात्री मी घरी चाखली तेव्हा मलाही आधी सफरचंदच लागलं, मग थोडं बदामासारखं आणि मागे जिभेवर कोरडेपणा. धुराचा वास आवडणाऱ्यांनी या वाटेला जाऊ नये, इथे तो नाही. पहिल्यांदा व्हिस्की चाखणाऱ्याला मात्र मी हीच देईन. इटलीत या डिस्टिलरीची पाच वर्षांची व्हिस्की फार खपते, हे चाखल्यावर पटतं.

दुपारचं जेवण वाईट निघालं. ते दुसरीकडे होतं, ठिकाणाचं नाव घेत नाही. भाज्यांचं सूप म्हणून आलेल्या वाडग्यात कोंबडीचा स्टॉक होता, आणि तो बाबांचा दुसरा चमचा झाल्यावर कळला. शाकाहारी असाल तर सूप मागवण्याआधीच स्टॉक कशाचा आहे ते विचारा.

बाकी दोन ग्रँट थोडक्यात. ग्लेनफिडिक डफटाउनला. विल्यम ग्रँटने मॉर्टलाक डिस्टिलरीत वीस वर्षं नोकरी केली, मग कार्डू डिस्टिलरीची जुनी यंत्रसामग्री ११९ पौंड १९ शिलिंग १० पेन्सला विकत घेतली आणि मुलांना हाताशी धरून डिस्टिलरी बांधली. पहिली धार पडली १८८७ च्या नाताळच्या दिवशी. जागा मोठी, व्यवस्था चोख, गर्दीही तशीच. बाबांना तिथे गंमत वाटली ती गावाच्या नावाची : डफ घराण्याने वसवलेल्या गावात ग्रँटची डिस्टिलरी. आमच्या ग्रँट डफचा दोन्हींशी काही संबंध नाही. तो मुळात नुसता जेम्स ग्रँट. आईकडून ईडनची इस्टेट आली तेव्हा त्याने डफ जोडलं.

तिसरी ग्लेनफार्क्लस, बॅलिंडॅलकजवळ, उघड्या माळावर. १८६५ मध्ये जॉन ग्रँटने ती ५११ पौंड १९ शिलिंगांना घेतली आणि अजून त्याच घराण्यात आहे. पिढ्यान्‌पिढ्या मालकाचं नाव एकतर जॉन नाहीतर जॉर्ज. इथे स्टिलखाली अजूनही थेट जाळ असतो, त्यामुळे व्हिस्की जड. ग्लेन ग्रँटनंतर लगेच बघितली तर दोन टोकं समजतात.

म्हणजे तीन घराणी, तीन वेगळे धंदे. विल्यमच्या 'स्टँडफास्ट' व्हिस्कीला नाव मिळालं ते ग्रँट कुळाच्या 'स्टँड फास्ट' या ब्रीदावरून, घट्ट उभे राहा. पण कूळ एक म्हणजे घर एक नव्हे. आडनाव बहुधा फ्रेंचमधून आलेलं, उंचनिंच या अर्थाचं. १२६३ मध्येच इन्व्हर्नेसचा शेरीफ एक लॉरेन्स ग्रँट होता. त्यानंतर नाव कुठेकुठे गेलं : नाइलच्या उगमाच्या शोधात स्पीक या प्रवाशाबरोबर गेलेला नेर्नचा जेम्स ऑगस्टस ग्रँट, ज्याच्या नावाची हरणाची जात आहे, रॉथीमर्कसला जन्मलेला चित्रकार डंकन ग्रँट, मुंबईचा गव्हर्नर रॉबर्ट ग्रँट, ज्याच्या नावाचं स्टेशन आपल्याला पाठ आहे. अमेरिकेच्या अध्यक्ष ग्रँटचा पूर्वज तर १६३० मध्ये इंग्लंडहून तिकडे गेलेला. आणि सिनेनट कॅरी ग्रँट म्हणजे ब्रिस्टलचा आर्चिबाल्ड लीच. त्याला हे आडनाव स्टुडिओने दिलं.

हे सगळं परतीच्या वाटेवर बाबा वहीत मांडत होते. त्याआधी मात्र त्यांनी मला रॉथिसला परत गाडी वळवायला लावली. बियावाला गावच्याच दफनभूमीत पुरलं आहे. दिवस जूनचा, त्यामुळे संध्याकाळी सातलाही लख्ख उजेड होता. आम्ही ओळीने दगड वाचत गेलो. दर चौथ्या-पाचव्या दगडावर ग्रँट. बाबा काठी टेकत पुढे होते, मी मागे. एका दगडापाशी ते थांबले आणि चष्मा कपाळावर चढवला.

"हा," म्हणाले. "इकडे ये."