कासवाच्या पिल्लासाठी विकला गेलेला खोटा ‘यूव्हीबी’ दिवा

कासवाच्या पिल्लासाठी घरात निवारा उभारताना पुण्यातील एका दुकानाने आम्हाला यूव्हीबीच्या, म्हणजे कासवाला लागणाऱ्या एका प्रकारच्या अतिनील किरणांच्या, नावाखाली भलताच जांभळा दिवा विकला आणि त्यापायी पिल्लाचे कवच मऊ पडले. तो दिवा आजही विकला जात आहे, म्हणून हा प्रकार तपशिलाने लिहीत आहे.

आमचे पिल्लू आफ्रिकेतील सुलकाटा जातीचे असून केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर त्याची रीतसर नोंद आहे. कोथरूडच्या आमच्या गच्चीत एरवी सकाळचे ऊन भरपूर येते. पण पावसाळ्यात पुण्याचे आभाळ दिवसच्या दिवस झाकोळलेले असते आणि थंडीत रात्रीचा पारा 10 अंशांच्या आसपास उतरतो, आणि एवढ्याशा जिवाला हे दोन्ही सोसत नाही. म्हणून जूनच्या तोंडावर पेठेतील एका दुकानातून ‘कासवाचा संपूर्ण सेट’ घेतला. काचेची टाकी, वर ॲक्रिलिकचे झाकण, तळाला रंगीत वाळू, उबेसाठी लाल दिवा आणि ‘यूव्हीबी’ म्हणून दिलेला जांभळा दिवा, असे सगळे मिळून साडेबारा हजार रुपये मोजले.

दिवा खरा कशावरून, असे मी विचारताच दुकानदाराने वरची ट्यूब बंद केली आणि खिशातून पाचशेची नोट काढून त्या दिव्याखाली धरली. एरवी न दिसणाऱ्या खुणा नोटेवर लख्ख चमकू लागल्या. “ताई, बघा, अल्ट्राव्हायोलेट नसतं तर नोट अशी चमकली असती का?” असे तो म्हणाला. फसवणुकीची खरी गोम इथेच आहे. नोट चमकते ती यूव्हीए किरणांनी, म्हणजे साधारण 315 ते 400 नॅनोमीटर लांबीच्या लहरींनी. खोट्या नोटा ओळखण्याच्या यंत्रातही हेच किरण असतात. कासवाच्या कातडीत ड-3 जीवनसत्त्व तयार व्हायला मात्र 280 ते 315 नॅनोमीटरचे यूव्हीबी किरण लागतात, आणि ते जीवनसत्त्व नसेल तर खाण्यातून कितीही कॅल्शियम दिले तरी ते नीट शोषले जात नाही. तेव्हा नोटेच्या चमकण्यावरून यूव्हीबीबद्दल काहीही सिद्ध होत नाही. ही युक्ती दुकानदाराला अपघाताने सुचली असेल, असे मला वाटत नाही.

पुढे पिल्लाचे खाणे मंदावले आणि ते अंग उचलून चालण्याऐवजी पोट घासत सरकू लागले. अगदी लहान पिल्लाचे कवच थोडे लवचीक असतेच, त्यामुळे नुसत्या बोटाने दाबून खात्री होत नाही; पशुवैद्यांनी एक्स-रे काढला तेव्हा हाडे विरळ झाल्याचे स्पष्ट दिसले. त्यांच्याकडे यूव्ही इंडेक्स, म्हणजे मुख्यतः यूव्हीबीची तीव्रता दाखवणारा आकडा, मोजणारे मीटर होते. आमचा दिवा लावून त्याच्या थेट खाली मीटर धरले, तर आकडा शून्य आला. तेच मीटर खिडकीबाहेर ढगाळ उजेडात धरताच आकडा चढला. सेटमधील बाकीच्या वस्तूही पिल्लाच्या सोयीच्या नव्हत्या. दिवा अस्सल असता तरी काचेतून यूव्हीबी जवळजवळ येतच नाही आणि बहुतेक साध्या ॲक्रिलिकचीही तीच गत असते, त्यामुळे झाकणावर ठेवलेला दिवा व्यर्थच होता. वाळू पोटात गेली तर आतडे तुंबू शकते. शिवाय कोरड्या गरम हवेत वाढलेल्या पिल्लाच्या कवचावर कायमचे उंचवटे येतात. म्हणून त्याला ओलसर माती किंवा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), लपायला अंधारी जागा आणि एका टोकाला सुमारे 35 अंशांची ऊब, तर दुसऱ्या टोकाला गारवा लागतो. आता आम्ही लाकडी, वरून उघडी पेटी केली असून तिच्यावर नामांकित बनावटीची लांब, बारीक टी-5 यूव्हीबी ट्यूब मध्ये काहीही आड न ठेवता लावली आहे. ही ट्यूब डोळ्यांना उजळ दिसत राहिली तरी तिचे यूव्हीबी ओसरत जाते, म्हणून ती ठरावीक काळाने बदलावी लागते.

दुकानदाराने पैसे परत करायला साफ नकार दिला. बिलावर त्याने फक्त ‘पेट ॲक्सेसरीज’ असे लिहिले होते, आणि आपण ‘यूव्हीबी’ म्हटलेच नव्हते, अशी त्याची भूमिका होती. यावर कडी म्हणजे भरपाईदाखल त्याने मला स्टार कासवाचे पिल्लू देऊ केले, “घरात लक्ष्मी येते” असे सांगून. स्टार कासव हे आपल्याकडचे वन्य कासव आहे. 2022 च्या दुरुस्तीनंतर ते वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत असून ते विकणे आणि घरात ठेवणे दोन्ही गुन्हे आहेत. मी तिथून बाहेर पडताच वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवले.

दिव्याबाबत प्रथम 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि नंतर जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार केली आहे. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क लागत नाही आणि दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. माझ्या तक्रारीला बळ मिळाले ते खोक्याच्या फोटोमुळे, कारण त्यावर ‘यूव्हीबी’ हे शब्द ठळक छापलेले आहेत, आणि पशुवैद्यांनी लेखी दिलेल्या मीटरच्या नोंदीमुळे. ज्यांनी असा सेट घेतला असेल त्यांनी खोके फेकू नये, दुकानदाराकडून बिलावर ‘यूव्हीबी’ असे लिहूनच घ्यावे आणि पिल्लाच्या वागण्यात फरक पडण्याची वाट न पाहता दिवा मीटरखाली तपासून घ्यावा.