‘द कन्व्हर्सेशन’साठी फुकट लिहावं का, आणि कोणी?

संशोधकाने आपल्या विषयावर सर्वसामान्य वाचकासाठी लेख लिहून द्यायचा आणि मानधन शून्य, असा ‘द कन्व्हर्सेशन’ या संशोधकांचे लेख छापणाऱ्या वेबसाइटचा उघड व्यवहार आहे. २०११ मध्ये ऑस्ट्रेलियात सुरू झालेली ही सेवा पुढे ब्रिटन, अमेरिका, आफ्रिका, इंडोनेशिया अशी पसरली. विद्यापीठांची वर्गणी आणि देणग्या यांवर ती चालते. त्यातून संपादकांचे पगार होतात, लेखकाच्या हाती काही पडत नाही. तरीही पगारी प्राध्यापक किंवा संशोधक असाल तर इथे जरूर लिहा. लेखनावर पोट असलेल्याने हा नाद करू नये, आणि त्याला तो करताही येत नाही: विद्यापीठाशी किंवा संशोधन संस्थेशी संलग्न असल्याशिवाय इथे लिहायला मिळत नाही. पीएचडीच्या विद्यार्थ्यांना मुभा आहे. खासगी प्रॅक्टिस करणारे डॉक्टर, वकील, सीए यांना नाही.

खातं संस्थेच्या ईमेलवरून उघडा. पूर्ण लेख लिहून पाठवायची घाई नको, आधी पिच, म्हणजे लेखाचा छोटा प्रस्ताव, द्या. मुद्दा काय, तो आत्ताच का मांडायचा आणि तुम्हीच का मांडायचा, एवढं दोन छोट्या परिच्छेदांत पुरे. पिच बहुतेक वेळा ‘आत्ताच का’ याच्या उत्तरावर अडते. ‘मराठवाड्यातील भूजल’ हा विषय झाला, लेख नव्हे. ‘पाऊस सरासरीइतका होऊनही विहिरी फेब्रुवारीतच तळ का गाठतात?’ हा लेख आहे.

होकार आला की साधारण ८०० शब्द लिहायचे, तेही त्यांच्याच ऑनलाइन एडिटरमध्ये. तिथे वाचनसुलभतेचा काटा असतो. बोजड वाक्यं साचली की तो हलतो, आणि मग संपादक वाक्यं सोडवायला बसतो. ‘बेसॉल्टची प्राथमिक सच्छिद्रता नगण्य असल्याने संचयक्षमता मर्यादित राहते’ याचं ‘काळ्या कातळाच्या अंगात पाणी मुरत नाही, ते भेगांत आणि वरच्या झिजलेल्या थरात साठतं, आणि तो थर पातळ असला की लवकर संपतं’ असं होतं. लेख इंग्रजीत असला तरी काम हेच. असं संपादन पैसे मोजूनही सहज मिळत नाही, आणि माझ्या मते या सेवेचा खरा मोबदला तोच. प्रत्येक ठोस विधानाला मूळ स्रोताची लिंक द्यावी लागते. त्या लिहितानाच जोडत चला, मागाहून शोधण्यात अख्खी दुपार जाते.

हितसंबंधांचा रकाना हलक्यात घेऊ नका. निधी कोणाचा, शेअर्स कुठे, सल्लागार म्हणून कुठे काम केलं, सगळं लिहायचं. जुनी कन्सल्टन्सी राहून गेली आणि लेख छापल्यावर कोणी ती काढली, तर लेखातला मुद्दा बाजूला पडतो आणि चर्चा तुमच्यावर घसरते.

लेखकाने मान्यता दिल्याशिवाय लेख प्रसिद्ध होत नाही, ही जमेची मोठी बाजू. बटण दाबण्याआधी मथळा नीट वाचा, कारण तो बहुधा संपादकाचा असतो. शोधनिबंधात नुसता ‘संबंध’ दिसला असेल आणि मथळ्यात ‘मुळे’ आलं असेल, तर तिथेच थांबवा.

आता सलणारी गोष्ट. लेख क्रिएटिव्ह कॉमन्सच्या ‘श्रेय द्या, बदल करू नका’ परवान्याखाली जातो. या परवान्यात व्यावसायिक वापराला बंदी नाही. त्यामुळे जाहिरातींवर चालणारं वृत्तपत्रही तो फुकट छापू शकतं आणि तुम्ही हरकत घेऊ शकत नाही. वाचक मात्र त्यामुळेच वाढतात. डॅशबोर्डवर वाचकसंख्या, देश आणि पुनर्मुद्रणं दिसतात. निधी देणाऱ्या संस्थेच्या अहवालात हे आकडे कामी येतात. पदोन्नतीच्या अर्जात मात्र हा लेख शोधनिबंध म्हणून दाखवू नका, तो शोधनिबंध नाही. परवान्यानुसार भाषांतर हाही बदलच. मराठी रूप दिवाळी अंकाला द्यायचं असेल तर संपादकाशी आधीच बोला, किंवा मराठी लेख वेगळा, मुळापासून लिहा. दुसरा मार्ग मला जास्त पटतो. मराठी वाचकाला लागणारी उदाहरणं वेगळी असतात आणि दिवाळी अंकाकडे मानधन मागता येतं.

केंद्रीय संस्थेत नोकरी असेल आणि तिथे केंद्रीय नागरी सेवा (आचरण) नियम, १९६४ लागू असतील, तर नियम ८ आणि ९ वाचून घ्या. निव्वळ वैज्ञानिक लेखनाला सहसा पूर्वपरवानगी लागत नाही, पण सरकारच्या चालू किंवा अलीकडच्या धोरणावर प्रतिकूल टीका नियम ९ नुसार चालत नाही. विहिरी का आटतात हे लिहिणं वेगळं आणि योजना का फसली हे लिहिणं वेगळं.

नव्या शोधनिबंधावर लिहित असाल तर तो स्वीकारला गेल्याबरोबर जर्नलची एम्बार्गोची, म्हणजे ज्याआधी त्यावर काही छापायचं नाही ती, तारीख आणि वेळ संपादकाला कळवा. लेख आधी गेला तर जर्नलशी बिनसतं. आठवडाभर उशिरा गेला तर ‘आत्ताच का’ याचं उत्तर उरत नाही.