क्लेमेंतेचं १९५५ सालचं कार्ड आणि माझे १,८५० डॉलर

गेल्या वर्षी पिट्सबर्गजवळच्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये कार्ड शो भरला होता. तिथे मी १,८५० डॉलर मोजून बेसबॉलपटू रोबेर्तो क्लेमेंतेचं, टॉप्स कंपनीने १९५५ साली छापलेलं कार्ड घेतलं. ते नकली निघालं. पैसे गेले ते गेलेच. अमेरिकेत आपल्या मराठी घरांतही मुलांना आणि त्यांच्यामागोमाग आईवडिलांना खेळाडूंचे फोटो असलेल्या या जुन्या कार्डांचा नाद लागलाय, हे मी मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात बघतो. म्हणून जे घडलं ते सगळं लिहून काढतोय.

मला हेच कार्ड का हवं होतं, ते आधी सांगतो, कारण फसलो तो तिथेच.

मी या शहरात आलो तेव्हा बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. ऑफिसात पहिल्याच आठवड्यात माझ्या 'ज्ञानेश्वर'चा 'डॅन' झाला. मी काही बोललो नाही, पण खटकलं. पुढे एका सहकाऱ्याने जुनी कार्डं दाखवली. त्यातल्या १९५५ च्या कार्डावर नाव होतं रोबेर्तो क्लेमेंते आणि १९५७ च्या कार्डावर त्याच माणसाचा 'बॉब क्लेमेंते' झाला होता. कंपनीने १९६९ पर्यंत त्याला बॉबच छापलं. तो पोर्तो रिकोचा, मातृभाषा स्पॅनिश. माझं नाव रोबेर्तो आहे, हे तो लोकांना सांगत राहिला. १९७० च्या कार्डावर त्याचं नाव त्याला परत मिळालं. त्या दिवसापासून हा माणूस मला आपला वाटायला लागला.

मग मी त्याच्याबद्दल मिळेल ते वाचत गेलो. डॉजर्स या संघाकडे असताना तो त्यांच्या मॉन्ट्रियलच्या दुय्यम संघात होता. १९५४ च्या नोव्हेंबरमध्ये पिट्सबर्गच्या पायरेट्स संघाने त्याला अवघ्या ४,००० डॉलरमध्ये उचललं. त्यानंतर १८ मोसम तो याच संघात राहिला. चार वेळा लीगमधला सर्वोत्तम फलंदाज ठरला, क्षेत्ररक्षणाचे १२ गोल्ड ग्लोव्ह मिळवले. १९६० आणि १९७१ अशा दोन वर्ल्ड सिरीज, म्हणजे मोसमाच्या अंतिम मालिका, तो जिंकला आणि त्यांतल्या १४ च्या १४ सामन्यांत त्याने हिट मारला. हिट म्हणजे चेंडू टोलवून सुखरूप बेस गाठणं. कारकिर्दीत असे बरोबर ३,००० हिट.

१९७२ च्या डिसेंबरमध्ये निकाराग्वात मानाग्वाला भूकंप झाला. क्लेमेंतेने मदत गोळा करून पाठवली, पण ती मधल्यामध्ये लाटली जातेय असं त्याच्या कानावर आलं. मी स्वतः बरोबर गेलो तर कोणी हात लावणार नाही, असं म्हणून ३१ डिसेंबरला तो सामानाने खच्चून भरलेल्या विमानात चढला. सान हुआनहून उडाल्यावर विमान लगेच समुद्रात कोसळलं. त्याचा देह सापडला नाही. वय ३८. एरवी हॉल ऑफ फेमसाठी, म्हणजे बेसबॉलमधल्या थोरांच्या मानाच्या यादीसाठी, निवृत्तीनंतर पाच वर्षं थांबावं लागतं. त्याच्यासाठी तो नियम बाजूला ठेवून १९७३ मध्येच त्याला तिथे घेतलं. आज इथल्या स्टेडियमची राइट फील्डची, म्हणजे तो जिथे उभा राहायचा त्या उजव्या बाजूची, भिंत २१ फूट उंच आहे, कारण त्याचा नंबर २१ होता.

हे सगळं मला पाठ होतं आणि विकणाऱ्यालाही.

माणूस साठीच्या घरातला, अंगात पायरेट्सचं जुनं जाकीट. टेबलावर बाकी किरकोळ माल आणि मधोमध, जाड प्लास्टिकच्या केसमध्ये, हे कार्ड. मी थबकलो तसा त्याने अंदाज घेतला. किमतीबद्दल चकार शब्द नाही. "क्लेमेंते आवडतो?" एवढंच विचारलं आणि मग वडिलांच्या गोष्टी सुरू झाल्या. वडील होमस्टेडच्या पोलाद कारखान्यात कामाला. हे कार्ड त्यांना लहानपणी च्युइंगगमच्या पाकिटात मिळालेलं. पुढे वडिलांच्या खांद्यावर बसून याने पायरेट्सच्या जुन्या मैदानावर, फोर्ब्स फील्डवर, क्लेमेंतेचा ३,००० वा हिट बघितलेला. सांगता सांगता त्याचा आवाज दाटून आला. माझाही आला.

आता नीट वाचा. ३,००० वा हिट ३० सप्टेंबर १९७२ चा. न्यूयॉर्क मेट्स संघाच्या जॉन मॅटलॅकच्या चेंडूवर मारलेला डबल, म्हणजे थेट दुसऱ्या बेसपर्यंत पोचवणारा हिट. आणि तो फोर्ब्स फील्डवर झालाच नाही. फोर्ब्स फील्ड १९७० च्या जूनमध्ये बंद झालं होतं. हिट झाला थ्री रिव्हर्स स्टेडियममध्ये, जेमतेम १३ हजार प्रेक्षकांसमोर. हे मला तेव्हाही माहीत होतं. त्या क्षणी डोक्यात टिकटिकही झाली. पण म्हटलं, लहान होता, आठवणीत गल्लत होते माणसाची. ज्याचे डोळे भरून आलेत त्याला तारीख कशी विचारायची? आजही मला याच गोष्टीची चुटपुट जास्त लागते. मी क्लेमेंतेची गोष्ट ऐकत बसलो आणि पुठ्ठ्याकडे बघायचं राहून गेलं.

कार्ड केसमधून काढून बघू का, असं मी एकदा विचारलं. तो म्हणाला, "नको, सत्तर वर्षांचे कोपरे आहेत, उडतील." केसला चारही बाजूंनी चिकटपट्टी लावलेली. कार्डाचा वरचा भाग थोडा मुडपलेला दिसत होता, खांद्यापासून सहीपर्यंत एक पांढरी रेघ. त्या रेघेमुळेच तर भाव कमी आहे, असं तो म्हणाला आणि मला ते पटलं. खोट दाखवणारा माणूस खोटं कशाला बोलेल, असं वाटून गेलं. ६०० डॉलर रोख दिले. उरलेले मोबाइलवरून पाठवताना, मित्राला किंवा नातेवाइकाला पाठवतो तो पर्याय निवड, म्हणजे दोघांचीही फी वाचेल, असं त्याने सांगितलं. मी तसंच केलं. हा पर्याय निवडला की खरेदीला मिळणारं संरक्षण संपतं. अनोळखी माणूस फी वाचवायला सांगतोय एवढं कळलं तरी तिथून निघा.

घरी आल्यावर कार्ड देवासमोर ठेवलं. रात्री जेवणं झाल्यावर चिकटपट्टी काढली आणि बायकोच्या हातात दिलं. तिला बेसबॉलशी काही देणंघेणं नाही, पण कापडाचा पोत बोटांनी ओळखायची तिची जन्माची सवय. तिने त्या पांढऱ्या रेघेवरून अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. म्हणाली, "अहो, ही घडी हाताला लागतच नाहीये."

मी नख फिरवून बघितलं. गुळगुळीत. घडी पुठ्ठ्याला पडलेलीच नव्हती. घडीचं चित्र छापलेलं होतं. कोणीतरी खरंखुरं, वापरून मुडपलेलं कार्ड स्कॅन केलं होतं आणि त्याच्या जखमेसकट नवीन पुठ्ठ्यावर उतरवलं होतं. पोटात खड्डा पडला. मग पट्टी आणली. १९५५ ची टॉप्स कार्डं आडवी आणि आजच्यापेक्षा मोठी होती, पावणेचार इंच बाय दोन इंच पाच अष्टमांश. साडेतीन बाय अडीच हा आजचा आकार १९५७ पासून आला. माझं कार्ड भरलं बरोबर साडेतीन बाय अडीच.

दुसऱ्या दिवशी दुकानातून त्याच १९५५ च्या संचातलं, कोणाला फारसं आठवत नसलेल्या एका खेळाडूचं खरं कार्ड १२ डॉलरला आणलं. ही एवढी एक गोष्ट मी आधी केली असती तर! महागडं कार्ड घ्यायच्या आधी त्याच वर्षाचं, त्याच संचातलं स्वस्त कार्ड घ्या. ते चार दिवस हाताळा, कडेने बघा, वास घ्या, जवळ ठेवूनच बाजारात जा. सोनाराकडे असतं तसं भिंग लावून मी दोन्ही कार्डं शेजारी ठेवली. खऱ्या कार्डावर फोटो ठिपक्यांचा होता, पण सहीची रेघ सलग काळ्या शाईची, कडा स्वच्छ. माझ्या कार्डावर सहीसुद्धा रंगीत ठिपक्यांची. खऱ्याची कड भुरकट, माझ्याची आतून पांढरीशुभ्र. जांभळ्या यूव्ही टॉर्चखाली खरं कार्ड मंद राहिलं आणि माझं निळसर चमकलं, कारण कागदाला उजळपणा आणणारी रसायनं आजच्या पुठ्ठ्यात असतात. आणि कोपरे. खऱ्याचे चार कोपरे चार तऱ्हेने झिजलेले, माझे चारही सारखे, कानस मारल्यासारखे गोल.

ग्रेडिंग करून, म्हणजे एखाद्या कंपनीकडून तपासून दर्जा ठरवून, सीलबंद केलेलं कार्ड घेतलं की झालं, असं कोणी सांगेल. बरंचसं खरं आहे, आणि एवढ्या रकमेला तेच घ्यावं. पण नकली सीलबंद केसही निघतात, त्यावर दुसऱ्या खऱ्या कार्डाचा नंबर टाकलेला असतो. म्हणून नंबर कंपनीच्या साइटवर टाकून तिथला फोटो आणि हातातलं कार्ड ताडून बघा, डागासकट. आणि याच शहरात खेळलेल्या होनस वॅग्नरचं, टी२०६ नावाच्या जुन्या संचातलं ते जगप्रसिद्ध कार्ड आठवा. १९९१ मध्ये हॉकीपटू वेन ग्रेट्झकी आणि त्याच्या भागीदाराने ते ४,५१,००० डॉलरला घेतलं, पीएसए या ग्रेडिंग कंपनीने सर्वात आधी ग्रेड केलेलं कार्ड तेच, आणि २००७ मध्ये ते २८ लाख डॉलरला विकलं गेलं. ज्याच्या हातून ते बाजारात आलं त्या बिल मॅस्ट्रो या लिलाववाल्याने २०१३ मध्ये कबूल केलं की कार्ड नव्यासारखं दिसावं म्हणून त्याच्या कडा आपण कापल्या होत्या. लिलावांतल्या फसवणुकीबद्दल त्याला पुढे २० महिन्यांची कैदही झाली. तज्ज्ञांच्या नजरेतून सुटतं, तिथे आपण पट्टी खिशात ठेवायला लाजू नये.

मी पोलिसांत तक्रार दिली. विकणाऱ्याने सांगितलेल्या नावाने आयोजकांकडे टेबलच नव्हतं. कोणाच्या तरी टेबलाचा कोपरा त्याने एका दिवसापुरता घेतला होता. फोन बंद. पैसे पाठवले ते खातंही बंद.

ओळखीच्या एकाने सुचवलं, कोणाला तरी हजाराला देऊन टाक, निदान थोडे तरी सुटतील. त्या रात्री मी फार वेळ जागा होतो. भूकंपात सापडलेल्या लोकांची मदत मधल्यामध्ये चोरली जाते म्हणून हा माणूस विमानात चढला होता. कार्ड माझ्याच टेबलाच्या खणात आहे. मागच्या बाजूला, त्याच्या आकडेवारीवर आडवं, न पुसणाऱ्या काळ्या शाईने मी इंग्रजीत आणि मराठीत मोठ्या अक्षरांत 'नकली' लिहून ठेवलंय, म्हणजे माझ्या पश्चातही ते कोणाला विकता येणार नाही.