रोजची ५ मिलिग्रॅम टॅडालाफिल: गोळी चांगली, विक्री बेफिकीर

लिंगाच्या ताठरतेच्या तक्रारीसाठी युरॉलॉजिस्टनी मला टॅडालाफिलची ५ मिलिग्रॅमची गोळी रोज ठरावीक वेळी घ्यायला सांगितली, तीही ईसीजी, रक्तदाब, साखर आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) पाहिल्यावरच. कारण ही तक्रार पुष्कळदा हृदयविकाराची आगाऊ सूचना असते, आणि मूत्रपिंड फारच दुबळे असेल तर हे औषध रोज देत नाहीत. रक्तातील प्रमाण स्थिरावायला साधारण ५ दिवस लागतात. त्यानंतर मात्र घड्याळाकडे पाहून जवळीक साधण्याची कटकट उरत नाही, आणि वाढलेल्या प्रोस्टेटमुळे होणारा लघवीचा त्रासही कमी झाला, हा माझ्या दृष्टीने वरकड लाभ. सुरुवातीला डोके दुखले, नाक चोंदले, कंबर धरली. पुढे ते ओसरले.

या गोळीचा गुण आणि धोका एकाच गोष्टीत आहे. शरीरातले निम्मे औषध ओसरायला सुमारे साडेसतरा तास लागतात, म्हणून रोज घेणाऱ्याच्या रक्तात ते सदैव असतेच. छातीत दुखू लागले की जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवायची, हे आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे. पण ते नायट्रेट, म्हणजे रक्तवाहिन्या सैलावणारे औषध, असल्याने या गोळीसोबत रक्तदाब जीवघेणा कोसळू शकतो, आणि शेवटच्या गोळीनंतर निदान ४८ तास ते चालत नाही. संकोचापोटी पाकीट कपड्यांच्या घडीत दडवले, तर रुग्णवाहिकेतल्या डॉक्टरांना सांगणार कोण? माझ्या पत्नीला गोळीचे नाव पाठ आहे. प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन चालू असेल, तर तेही आधी सांगावे. दोन्हींमुळे उठताना भोवळ येऊ शकते.

तक्रार आहे ती विक्रीबद्दल. पाकिटावर आरएक्सची, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायची, खूण असूनही घराजवळच्या मेडिकलवाल्याने चिठ्ठी न पाहताच, आवाज खाली आणून, "दहाची देऊ की वीसची?" एवढेच विचारले. या मात्रा गरजेपुरत्या घेण्याच्या आहेत, रोजच्या नव्हेत. चार तासांहून अधिक टिकणारी ताठरता किंवा अचानक गेलेली दृष्टी यांसाठी तातडीने रुग्णालय गाठावे लागते, हे तिथे कोणी सांगेल अशी अपेक्षाच नको. आता मी थोडे लांबचे दुकान धरले आहे, तिथल्या फार्मासिस्टबाईंनी चिठ्ठी वाचली आणि कसलाही आडपडदा न ठेवता विचारले, "काका, हृदयाचे काही औषध चालू आहे का?"