पक्षाघातात आधी सीटी की एमआरआय?
सकाळी पोहे खाताना मामाच्या हातातून तर्रीची वाटी निसटली, तोंड वाकडं झालं. धंतोलीतल्या दवाखान्यात मामीचा एकच हट्ट, "महागडा एमआरआयच करा!" अशा वेळी माझं मत मात्र सीटीला. मेंदूत रक्तस्राव आहे का, ते काही मिनिटांत कळतं. नसेल तरच मेंदूच्या रक्तवाहिनीतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देता येतं, तेही साधारण ४.५ तासांच्या आत. गुठळीने झालेली इजा पहिल्या तासांत सीटीत बरेचदा दिसतच नाही, तिथे एमआरआय सरस. बारीकसा डागही पकडतो. पण वेळ जास्त, खडखडाट वेगळाच आणि जुना पेसमेकर असला की पंचाईत. मामाचा सीटी 'नॉर्मल' आला. मामी म्हणाली, "चला मग घरी!" डॉक्टर तेव्हा इंजेक्शन भरत होते.