मासळीच्या शीतगृहात सीओटू: कुंकळ्ळीतून अनुभव

गोव्यात कुंकळ्ळीच्या औद्योगिक वसाहतीत आमचे मासळीचे शीतगृह आहे. सुंगटे (कोळंबी) आणि इसवण (सुरमई) जास्त, हंगामात बांगडा. तिथली यंत्रे सांभाळणे माझे काम. आर-४०४ए या कृत्रिम शीतक वायूवरचा जुना प्लांट काढून मालकांनी कार्बन डायऑक्साइडवर (सीओटू) चालणारा प्लांट बसवला. किंमत बरीच जास्त पडली, तरी खोलीतल्या कॉइलचे, म्हणजे ज्या नळ्यांत शीतक उकळून हवेतली उष्णता ओढतो त्यांचे, काम पाहून मी पूर्ण समाधानी आहे.

उणे ३० अंशांवर हा वायू साधारण १४ बार दाबाखाली उकळतो, ४०४ए जेमतेम २ बारवर. या दाबाला सीओटूचा पृष्ठताण कमी असतो, त्यामुळे नळीच्या भिंतीवर बुडबुडे सहज धरतात आणि उष्णता झपाट्याने खेचली जाते. वाफही दाट असते, म्हणून नळ्या बारीक चालतात. वाटेत दाब ०.१ बार घसरला तर ४०४एमध्ये उकळण्याचे तापमान एक अंशाहून अधिक उतरते, इथे अंशाच्या पाचव्या भागाइतकेच. त्यामुळे खोलीची हवा आणि कॉइल यांतला फरक कमी ठेवता येतो. कॉइलवर बर्फ उशिरा चढतो आणि उघडी ठेवलेली इसवण कडेने सुकत नाही. मासळीच्या धंद्यात वजन म्हणजे पैसा, म्हणून माझ्या लेखी सगळ्यात मोठा फायदा हाच.

मात्र कॉइलमध्ये द्रव सोडणाऱ्या व्हॉल्व्हची जुळणी प्लांट बसवणाऱ्याच्या भरवशावर सोडू नका. द्रव संपत आला की नळीची भिंत कोरडी पडते आणि उष्णता घेण्याची ताकद एकदम ढासळते. प्रवाह जोराचा असेल तर सीओटूमध्ये हे लवकर होते. कॉम्प्रेसरचे तेल कॉइलमध्ये साचले तरी उकळणे मंदावते. आमच्याकडे सुपरहीट (कॉइलमधून निघताना वाफ उकळण्याच्या तापमानापेक्षा किती अंश जास्त तापते ते) नीट लावून घेतल्यावरच शेवटच्या रांगेला थंडावा आला.

खरी अडचण बाहेरच्या बाजूची, जिथे प्लांट उष्णता हवेत सोडतो. सीओटूचा क्रांतिक बिंदू ३१ अंश आणि ७३.८ बार, त्या तापमानाच्या वर कितीही दाबला तरी तो द्रव होत नाही. गोव्यात एप्रिल-मेच्या दुपारी हवाच त्याच्या वर असते, त्यामुळे वायू द्रव होत नाही, ९० बारच्या आसपास नुसता थंड करावा लागतो आणि वीज जास्त जाते. विक्रेते बाहेरची हवा गार करणारे ओले पॅड सुचवतात. नागपूरच्या कोरड्या उन्हात त्यांचा उपयोग होईल, आमच्या दमट हवेत फारच थोडा. त्यापेक्षा पॅरलल कॉम्प्रेसर (दाब उतरताना तयार होणारी वाफ वेगळी ओढणारा जादा कॉम्प्रेसर) किंवा इजेक्टर (त्या दाबाचाच जोर वापरून वाफ ओढणारी तोटी) मागा. बाहेर जाणाऱ्या उष्णतेवर आम्ही क्रेट धुण्याचे पाणी तापवतो, बॉयलर आता क्वचितच लागतो.

पावसाळ्यात वीज गेली आणि आतला दाब वाढून सुरक्षा व्हॉल्व्हने वायू सोडून दिला. बंद प्लांट थंड ठेवणारे छोटे युनिट पुरवठादाराने कोटेशनमध्येच धरले नव्हते, याचा मला अजून राग आहे. ते जनरेटरला जोडलेलेच हवे. पुन्हा भरायचा वायू स्वस्त असतो, पण तो रेफ्रिजरेशन दर्जाचा, ओलावा नसलेलाच घ्या. गळतीचा सेन्सर जमिनीजवळ लावा, हा वायू हवेपेक्षा जड आहे आणि बंद खोलीत जीव घेऊ शकतो.

मासेमारीबंदीच्या जून-जुलैत, खोल्या रिकाम्या असताना प्लांट बसवून घ्या. आणि ३८ अंश बाहेरच्या हवेत किती टन थंडावा (टन हे इथे थंड करण्याच्या क्षमतेचे माप) मिळेल, तो आकडा ऑर्डरवर लिहून घ्या.